'कुणाकडे पीडीएफ आहे का?' असं विचारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना

आज २३ एप्रिल. सकाळी फोन हातात घेतला तर कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर 'पुस्तक दिनाची भेट' म्हणून एक लिंक आलेली. आत मराठी पुस्तकांच्या पीडीएफ, लेखकांच्या नावाने अकारविल्हे लावलेल्या. खाली फुलं, जोडलेले हात, 'अप्रतिम खजिना', 'शतशः आभार'. सहज खाली सरकत गेले आणि माझंच पुस्तक दिसलं. म्हणजे मी अनुवाद केलेलं. उघडलं. तेच कव्हर, तीच अर्पणपत्रिका. सतराव्या पानावर एका ग्रंथालयाचा गोल शिक्का, अर्धवट उमटलेला, दाखलअंकासकट. कुणीतरी ग्रंथालयातून पुस्तक घरी नेलं, पान न् पान स्कॅन केलं आणि दिलं सोडून. एका वाचकाने पेन्सिलीने मारलेल्या रेघासुद्धा जशाच्या तशा आल्यात.

युनेस्कोने १९९५ साली हा दिवस ठरवला तो पुस्तकांसाठी आणि कॉपीराइटसाठी, दोन्हींसाठी. त्याच दिवशी ही भेट.

लिंक टाकणारा कुणी परका नाही, म्हणून जास्त लागलं. कुठे पुस्तकावर बंदी आली, कुठे लेखकाला धमकी आली की पहिली पोस्ट त्याची असते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार मागे घेतला, तेव्हा त्याने किती पोटतिडकीने लिहिलं होतं! मी ते शेअर केलं होतं. आपण सगळे एकाच बाजूचे आहोत हे मी धरूनच चालते. त्यामुळे हे भांडण घरातलंच आहे आणि मी ते घरातल्यासारखंच भांडणार आहे.

हे पुस्तक ज्या काकांनी काढलं त्यांना तुमच्यातले काही जण ओळखतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची एक खोली. वर पोटमाळा, पोटमाळ्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे. प्रकाशक तेच, पार्सलं बांधणारे तेच, वितरकाकडे उधारी मागायला जाणारेही तेच. पुस्तक एका परदेशी पत्रकाराचं, भारतभर केलेल्या भटकंतीचं. त्यात एका पानावर आपल्याकडच्या एका संप्रदायाविषयी चार-पाच ओळी आहेत. पुस्तक आलं आणि काही दिवसांतच काकांना फोन सुरू झाले. मग एका दुपारी तिघं जण खोलीवर आले. मी तेव्हा पुढच्या कामाची प्रुफं घ्यायला तिथेच होते.

"काका, तेवढं पान काढा. बाकी आमची काही तक्रार नाही." आवाज चढलेला नव्हता. पण एक जण दारातच उभा राहिला होता, आत येईना, बाहेर जाईना.

काकांनी त्यांना स्टुलं दिली, चहा सांगितला आणि कपाटातून करार काढला. इंग्रजीत, प्रत्येक पानाखाली दोन सह्या. एका कलमावर बोट ठेवून त्यांनी मराठीत अर्थ सांगितला: लेखकाच्या लेखी संमतीशिवाय मजकुरातला एक शब्दही वगळता येणार नाही. म्हणाले, "माझ्या हातात असतं तरी मी ते पान काढलं नसतं. पण ते माझ्या हातातच नाही. मी तिकडे विचारतो." आणि मग ते पान त्यांनी तिघांना मोठ्याने वाचून दाखवलं. आधीचं पान आणि नंतरचं पानसुद्धा. चहा पिऊन तिघं गेले.

त्याच संध्याकाळी काकांनी सांगितलं तसं ईमेल मी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी तिकडच्या प्रकाशकाचं उत्तर. लेखकाची संमती नाही, एका ओळीलाही नाही. आणि खाली विचारलेलं, की तुम्ही सुरक्षित आहात ना, आमच्या देशातल्या प्रकाशकांच्या संघटनेला कळवू का? ज्या माणसाने हे लिहिलं तो काकांना कधी भेटलेला नाही. नौपाडा कुठे आहे हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कॉपीराइट म्हणजे नुसता रॉयल्टीचा हिशोब नाही. त्या दुपारी त्या खोलीत पोलीस नव्हते, पुढारी नव्हता, तुम्ही-आम्ही नव्हतो. होता तो एक करार. आणि त्या कराराच्या पाठीशी सव्वाशेहून जास्त वर्षांची मेहनत होती.

एकोणिसाव्या शतकात एका देशात छापलेलं पुस्तक दुसऱ्या देशात कुणीही उचलायचा. लेखकाला दमडी नाही, वर मजकुराची हवी तशी कापाकापी. १८८६ साली बर्नमध्ये दहा देशांनी करारावर सह्या केल्या, की आपल्या लेखकाला जे संरक्षण तेच बाहेरच्या लेखकाला. १८९६ साली पॅरिसला प्रकाशकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून इंटरनॅशनल पब्लिशर्स असोसिएशन उभी राहिली. आज तिचं कार्यालय जिनिव्हात आहे. (आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे तिच्याहून तीन वर्षांनी थोरलं. हे लिहिताना मला फार अभिमान वाटतोय.) भारत १९२८ साली बर्न करारात आला. त्याच वर्षी रोमच्या परिषदेत त्या करारात लेखकाच्या नैतिक हक्काचं कलम घातलं गेलं: मजकुराची मोडतोड करून लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लावता येणार नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यातलं ५७ वं कलम त्याच जातीचं. काकांनी बोट ठेवलं ते कलम असं तिथून इथवर आलं होतं.

त्या जागतिक संघटनेची आज दोन मुख्य कामं आहेत, कॉपीराइट सांभाळणं आणि प्रकाशनाचं स्वातंत्र्य राखणं. दोन्ही एकाच छपराखाली का, याचं उत्तर मला त्या खोलीत मिळालं. ज्याचा पुस्तकावर हक्क आहे तोच 'पान काढणार नाही' असं म्हणू शकतो. ज्याच्या चार प्रती विकल्या जातात तोच ते म्हणून पुढच्या महिन्याचं भाडंही भरू शकतो.

काकांकडे आले ते तिघं चहा पिऊन गेले. सगळीकडे असं होत नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी ढाक्यात फैसल आरेफिन दीपन या प्रकाशकाला त्याच्या कार्यालयात घुसून ठार मारलं. त्याने विवेकवादी लेखक अभिजित रॉय यांची पुस्तकं काढली होती, आणि अभिजित रॉय यांना त्याच वर्षी फेब्रुवारीत पुस्तक जत्रेबाहेर मारलं होतं. दीपनला मारलं त्याच दिवशी अहमेदुर रशीद तुतुल या दुसऱ्या प्रकाशकावर हल्ला झाला. तो वाचला, पण त्याला देश सोडावा लागला. ऑस्लोमध्ये १९९३ साली विल्यम नायगार्ड यांच्यावर घराबाहेर गोळ्या झाडल्या, का, तर सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीचा नॉर्वेजियन अनुवाद त्यांनी काढला होता. तेही वाचले. त्याच कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी मात्र १९९१ मध्येच मारले गेले होते. अनुवादक. माझं काम करणारा माणूस. हे नाव लिहिताना दर वेळी माझा हात थांबतो.

आणि तुम्ही म्हणता, 'अगं, एक पीडीएफ तर आहे!'

हाँगकाँगचे ग्वी मिनहाई. चिनी नेत्यांविषयीची पुस्तकं काढायचे, नागरिकत्व स्वीडनचं. २०१५ साली थायलंडमधल्या घरून नाहीसे झाले, पुढे चीनच्या ताब्यात सापडले, २०२० मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१८ साली प्रकाशकांच्या त्या जागतिक संघटनेचं अधिवेशन आपल्या दिल्लीत भरलं तेव्हा प्रकाशन स्वातंत्र्याचा व्होल्टेअर पुरस्कार त्यांना दिला गेला. हो, ज्या वर्षी ते नाहीसे झाले त्याच वर्षी त्याच संघटनेने चीनच्या प्रकाशक संघटनेला सभासद करून घेतलं, हेही खरं आहे, आणि मला ते आजही खुपतं. पण दिल्लीत त्यांचं नाव सगळ्यांसमोर घेतलं गेलं. नाव घेतलं जाणं ही लहान गोष्ट नाही.

आता काकांचं पुढचं ऐका. धमकीने त्यांचं पुस्तक थांबलं नाही. थांबलं ते नंतर. काही महिन्यांनी ठाणे स्टेशनच्या बाहेर, सॅटिस पुलाच्या खाली, प्लास्टिकवर मांडलेल्या पुस्तकांत मला आमचं पुस्तक दिसलं. साडेतीनशेचं पुस्तक दीडशेला. हातात घेतलं तर कव्हरचे रंग फिकट, कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसणारा. मधला एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा जुडगा, उलटा बांधलेला. सतराव्या पानावर तोच शिक्का, काळपट गोल, त्याच दाखलअंकाचा. आणि आतल्या पानावर काकांच्या प्रकाशनाचं नाव, पत्ता, 'सर्व हक्क सुरक्षित', सगळं छापलेलं! मी ती प्रत विकत घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ती चाळली, उलटा फॉर्मा सरळ धरून वाचला आणि म्हणाले, "बांधणी तरी नीट करायची."

तक्रार द्यायला गेलो. 'चोरीला काय गेलं?' असं विचारलं गेलं. गठ्ठे तर सगळे पोटमाळ्यावर जागच्या जागी होते! कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आमची तक्रार मात्र अर्ज घेण्यापलीकडे गेली नाही.

मराठीत पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची, आता पाचशेला सगळे कचरतात, तीनशेवर भागवतात. छापील किमतीतले चाळीस टक्के वितरकाला आणि दुकानाला. उरल्यात कागद, छपाई, बांधणी, मूळ लेखकाची रॉयल्टी, माझं मानधन. परदेशी पुस्तक असेल तर आगाऊ रक्कम डॉलरमध्ये नाहीतर युरोत, तीही पुस्तक छापायच्या आधी. काकांनी ती पदरमोड करून भरली होती. दुसरी आवृत्ती काढायची का, यावर ते बरेच दिवस विचार करत राहिले. मग म्हणाले, नको. त्या तिघांना जे जमलं नाही ते दीडशे रुपयांच्या नकली प्रतीने केलं. हे लिहिताना मला अजूनही राग आवरत नाही.

पुस्तकं महाग आहेत? आहेत. मी नाही म्हणत नाही.

विद्यार्थ्यांचं वेगळं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला, तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या बाजूने होते. शिकवण्यासाठी लागणाऱ्या झेरॉक्स संचांना कायद्यात जागा आहे असं उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं, पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटला मागे घेतला, बरं झालं. अंध वाचकांसाठी पुस्तकं ब्रेलमध्ये, ऑडिओत करता यावीत, देशोदेशी पाठवता यावीत म्हणून २०१३ साली माराकेशचा करार झाला. तो सगळ्यांत आधी मान्य करणारा देश आपला, २०१४ साली. कॉपीराइटवाले म्हणजे दार बंद करून बसलेले लोक, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा करार जरूर वाचावा.

आणि लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की पुस्तक सगळ्यांचंच होतं. साठ जास्त आहेत हेही मान्य. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं सगळं लेखन केव्हाच खुलं झालंय. वाटा ना! गडकरी रंगायतनच्या दारात उभं राहून वाटा, मी येते मदतीला. त्या लिंकमध्ये अशी जुनी पुस्तकं पुष्कळ आहेत, दुकानात न मिळणारी. ज्याने मेहनतीने ती जमवली त्याच्या पुस्तकप्रेमाविषयी मला शंका नाही. पण त्याच यादीत परवा परवा आलेली पुस्तकं आहेत. ज्यांचे लेखक गोरेगावात, साताऱ्यात, परभणीत बसून पुढचं लिहितायत. ज्यांचे प्रकाशक पोटाला चिमटा काढून पुढचं छापतायत. आपल्याला जी पुस्तकं वाचायची आहेत, कुणाला तरी झोंबणारी, ती मोठ्या कंपन्या काढतीलच असं नाही. २०१४ साली वेंडी डॉनिगर यांचं हिंदू धर्मावरचं पुस्तक पेंग्विनने तडजोड करून मागे घेतलं, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो! काका तर एका खोलीतले. ते हटले नाहीत.

दुपारी काकांना फोन केला होता. लिंकचं सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "शिक्का दिसतोय का गं त्यातही?" मी हो म्हटलं. "म्हणजे तीच प्रत," म्हणाले. माझा सकाळचा अर्धा राग तिथेच गेला. ज्याला शिव्या घालायला बसले होते तो मित्रही मला एकदम आठवला, बापाच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर पुस्तक वाचत बसणारा. तो चोर नाही. त्याला कुणी सांगितलंच नसेल.

तर सांगते. मार्चअखेरपर्यंतच्या विक्रीचा हिशोब जूनअखेर तिकडे पाठवायचा असतो. करार पाच वर्षांचा होता, यंदा संपतोय. ज्या माणसाने 'तुम्ही सुरक्षित आहात ना' असं विचारलं होतं त्याला आम्ही विकलेल्या प्रतींचा आकडा कळवणार, आणि तो पाहून पुढचं पुस्तक मराठीत द्यायचं की नाही हे तिकडे ठरणार. त्याच लेखकाचं नवं पुस्तक आलंय. मी वाचलंय. मराठीत यायलाच हवं असं आहे. काका आता सत्तरीपुढे आहेत, तरी म्हणतात, करू या.

त्या मित्राला माझं एवढंच म्हणणं आहे, ती लिंक आज रात्री काढ, जुनी खुली पुस्तकं वेगळी करून पुन्हा टाक, मी बसते तुझ्याबरोबर यादी करायला. आणि ज्यांनी आमचं पुस्तक उतरवून घेतलंय त्यांनी वाचून झालं की, किंवा वाचायच्या आधी, एक प्रत मागवा. मला मेसेज करा, टपालखर्च माझा. ठाण्यातले असाल तर थेट नौपाड्यात या. संध्याकाळी सहा ते आठ काका खोलीवर असतात, रविवारी नसतात.