सात नंबरला नाव आहे

दुपारी जेवायला बसलो तेवढ्यात एका मंडळाचा फोन आला. कबड्डी स्पर्धा, दोन दिवस, १६ संघ, सकाळी ९ पासून शेवटची मॅच संपेपर्यंत समालोचन करायचं. मानधनाचं विचारलं तर पलीकडून, "सर, तुमची तर हौस हाय. शाल-नारळ देऊन सत्कार करतो की." ताटावरून उठलो. घास उतरेना.

हौस! गेली दोन वर्षं हाच शब्द ऐकतोय. या समालोचनासाठी ४७ व्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, २३ वर्षं कॅश काउंटरच्या काचेआड काढून. ती काय हौस म्हणून?

हे सुरू कसं झालं ते जुन्या मित्रांना माहीत आहे, तरी परत सांगतो. वाळवा तालुक्यातल्या एका गावात मॅच बघायला गेलो होतो. ठरलेला निवेदक आलाच नाही, ओळखीच्या पंचांनी माइक माझ्या हातात दिला. मी सुटलो. सात नंबरची चढाई, सात नंबरला बोनस, सात नंबर बाद! मध्यंतराला एक बाई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. डोक्यावर पदर, हातात पोराची पाण्याची बाटली. "अवो सायेब, मगाधरनं सात नंबर, सात नंबर काय लावलंय? नाव हाय की माझ्या लेकराला." आडनावासकट सांगितलं तिनं. पुढच्या डावात पोरगा चढाईला निघाला आणि भोंग्यातून त्याचं पूर्ण नाव गेलं. तो मध्यरेषेवर थबकला. वर भोंग्याकडे बघितलं, वाकून रेषेला हात लावला आणि आत शिरला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी मॅचच्या आधी तासभर जातो. प्रत्येक संघाजवळ बसून नावं लिहून घेतो, उजवा कोपरा कोण, डावा कोण, गाव कुठलं, नाव कसं उच्चारायचं. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात कोण निघाला, समोर किती उरले, सहापेक्षा कमी असतील तर बोनस नाही, तिघे किंवा त्याहून कमी असतील तर अव्वल पकडीची, म्हणजे पकडीला जादा गुणाची संधी, हे सगळं मातीत कडेला बसलेल्या म्हातारीला कळेल असं बोलायचं असतं. दिवसभर बोलून रात्री घशातून पाणी जात नाही. स्पीकरवाल्याला पैसे, मांडववाल्याला पैसे, चहावाल्याला पैसे. आवाजाला नारळ!

वर लोक क्रिकेट समालोचक हर्षा भोगलेचं उदाहरण देतात. केमिकल इंजिनिअर, अहमदाबादचं आयआयएम, जाहिरात कंपनीतली नोकरी, आणि शेवटी माइक. मान्य, पण तो १९ व्या वर्षीच हैदराबाद आकाशवाणीवर बोलत होता. माझं तसं नाही. आणि समालोचक माजी खेळाडूच हवा म्हणणाऱ्यांचंही थोडं खरं आहे. बाळ ज. पंडित रणजी खेळलेले होते, म्हणून तर आकाशवाणीवरचं त्यांचं मराठी क्रिकेट समालोचन एवढं जिवंत वाटायचं. २०२३ च्या आयपीएलमध्ये केदार जाधव जिओसिनेमावर मराठीत बोलत होता, हंगामाच्या मध्यातच बेंगळुरूच्या संघानं त्याला खेळायला बोलावून घेतलं. तो माइकवरून मैदानात गेला, मी प्रेक्षकांतून माइकवर आलो. ३५ वर्षं कबड्डी बघितली आहे मी, डोळे उघडे ठेवून. त्याला काहीच किंमत नाही?

दाजी परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून, या वयात हे काय?" दाजी मोठे आहेत, मी गप्प बसलो. पण पोरीनं स्वतःच स्पर्धांच्या तारखांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, हे त्यांना कोण सांगणार.

घर बायकोच्या पगारावर चालतं हे खरं आहे. लपवत नाही. महिन्याअखेरीला ती पर्समधून पेट्रोलचे पैसे काढून टेबलावर ठेवते आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जाते. तिच्या त्या न बोलण्यासाठी तरी हौस हा शब्द मला सहन होत नाही.

गावची मंडळं वर्गणीवर चालतात, तेही कळतं. सुरुवातीला वर्षभर मी फुकट केलंय, अजूनही शाळांच्या मॅचचे पैसे घेत नाही. पण पहिलं बक्षीस लाखाचं लावता, फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे २० फोटो छापता, तेव्हा नका रे असं बोलू. खेळणारी पोरंही हौशीच म्हणायची मग. तीही ऊसतोडीवरून, दुकानातून, कॉलेजातून येतात आणि गुडघे फोडून घेतात.

तो सात नंबर सध्या पोलीस भरतीची तयारी करतोय. नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. मागच्या महिन्यात एका मैदानावर भेटला तेव्हा म्हणाला, आईनं विचारलंय, ते नाव घेणारे सायेब अजून येतात का.

मघाशी मंडळाला परत फोन केला. चिडलो नाही. दोन दिवसांचे किती ते सांगितलं आणि संघांची यादी आदल्या संध्याकाळी हवी म्हणालो, पूर्ण नावांसकट. "विचारून सांगतो" म्हणालेत. अजून फोन आलेला नाही.