शुगर एका दिवसात निघत नसते

आपल्याकडे माणसाला मधुमेह होत नाही, शुगर ‘निघते’. विहिरीला पाणी निघावं तशी. आणि पाणी काही उगाच निघत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं खणावं लागतं. हल्ली लोकांना सगळं आयतं हवं असतं, म्हणून अनुभवी खोदकाम्याचे हे चार शब्द.

पहिली कुदळ चहाची. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी, 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. हे 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. उठल्यावर एक कप, पोह्यांबरोबर एक, ऑफिसात पोचल्यावर एक, प्रत्येकात दोन चमचे. म्हणजे सकाळी अकरालाच दिवसाचं काम उरकलं! पुढचा सगळा दिवस बोनस.

कुणाकडे गेलात आणि वहिनींनी “साखर किती?” विचारलं, तर “कमीच” म्हणावं. काही बिघडत नाही. साखर पातेल्यात आधीच उकळलेली असते, तुम्हाला विचारतात ते केवळ रीत म्हणून. मात्र “बिनसाखरेचा चालेल” असं चुकूनही म्हणू नये. त्यांचा चेहरा पडतो, आवाज खाली येतो आणि प्रश्न येतो, “निघाली का हो?” मग शेजारच्या खोलीतून सासूबाई मेथीचे दाणे भिजवायची कृती सांगत बाहेर येतात. त्यापेक्षा दोन चमचे परवडले.

एखादा डॉक्टर भीती घालू लागला तर आपल्या मेहुण्याला आठवावं. प्रत्येक घरात एक असतोच. तो सांगतो, “साखर खाऊन शुगर होत नाही, ती आनुवंशिक असते.” यातली गंमत अशी की हे अर्धं खरं आहे, आणि पथ्य मोडायला अर्धं खरं पूर्ण खोट्यापेक्षा चांगलं पुरतं. चमचाभर साखर खाल्ली आणि मधुमेह झाला असं होत नाही, घराण्याचा वाटा असतोच. पण साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज अंगभर वापरलं जातं, फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो, आणि गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. थेंबभर दारू न पिणाऱ्या माळकऱ्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ दिसतं, त्यात या गोडाचाही हात असतो. पोट सुटतं, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं, आणि घराण्याकडून आलेली बंदूक भरली जाते. हे मेहुण्याला सांगू नका. त्याचंही सोनोग्राफीचं वय झालंय.

तसे मेहुणे परदेशातही असतात, फक्त तिथे त्यांना मानधन मिळतं. 1967 साली हार्वर्डच्या संशोधकांनी एका नामवंत वैद्यकीय मासिकात हृदयविकाराचं खापर मुख्यतः स्निग्ध पदार्थांवर फोडलं आणि साखरेला सांभाळून घेतलं. त्या लेखामागे साखर उद्योगाचा पैसा होता, हे जगाला कळायला 2016 उजाडलं. आपला माणूस हेच काम एका कप चहावर करतो.

साखर नकोच असेल तर गूळ घ्या. हा मार्ग अतिशय सात्त्विक आहे. गुळाच्या चहाच्या टपऱ्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. गुळात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, आणि उरलेला जो मोठा भाग असतो ती साखरच. पण ती पिवळी असते, मातीच्या कपात येते, आणि पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर आयुर्वेद दिसतो. ग्लुकोमीटरला रंग कळत नाही हा त्याचा दोष.

मुलांनाही लवकर हाताशी घ्यावं. दुधात घालायची ती चॉकलेटी पावडर उंची वाढवते म्हणतात. 2024 साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या सदरातून काढायला सांगितलं. तुम्ही मात्र आपल्या फडताळातल्या सदरातून काढू नका. ग्लुकोज बिस्किटात साधारण चौथा हिस्सा साखर, टोमॅटो सॉसमध्येही जवळपास तितकीच. पाकिटामागचा बारीक मजकूर वाचायची खोड असेल तर सोडा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून साखर पहिल्या नंबरावर दिसू नये यासाठी ती तीन नावांनी घरात शिरते: साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. भाऊबंदकीत सातबाऱ्यावर तुकडे पाडावेत तशी. दातांचं विचारू नका, दुधाचे दात पडायचेच असतात.

शिवाय साखर खाणं हे सहकारी कर्तव्य आहे. प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी घाम गाळला तो काय तुम्ही कोरा काढा प्यावा म्हणून? दिवाळीला सभासदाला सवलतीची साखर मिळते. ती घरात आली की संपवणं ओघाने आलंच. चक्का जितका तितकीच साखर, हे श्रीखंडाचं प्रमाण आमच्या आजीने सांगितलं तेव्हा मला ते अर्थशास्त्र वाटलं होतं.

आता परीक्षेचा भाग, इथे नवखे चुकतात. रक्त तपासायचं ठरलं की चार दिवस आधी साखर बंद करावी. कारल्याचा रस, रात्री भाकरी, सकाळी कधी न पाहिलेल्या मैदानाला पाच फेऱ्या. उपाशीपोटीचा आकडा हमखास चांगला येतो. लॅबच्या पायऱ्या उतरताना समोरच्या हॉटेलात शिरा खावा, त्यावर आपला हक्क असतो. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चालली. मग कुणीतरी ‘एचबीएवनसी’ नावाची चहाडखोर तपासणी आणली. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तात जी साखर फिरली ती तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे: तुम्ही आज रोखीने घ्या, पण मागची तीन महिन्यांची पानं तो उलटणारच. गणपतीचे मोदक, कोजागिरीचं दूध, भावाच्या प्रमोशनचे पेढे, सगळं मांडलेलं. आकडा साडेसहा टक्के किंवा त्याच्या वर गेला की निघाली.

निघाली तर एकटं वाटून घेऊ नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी लोक मधुमेही आहेत आणि आणखी 13 कोटींहून अधिक काठावर बसलेत. एवढी सभासदसंख्या कुठल्या कारखान्याची आहे?

यापुढचं तंत्र गोळीचं. सणावाराला गोड खायचं असेल तर गोळी दीड घ्यावी. डॉक्टरांना विचारू नये, ते नाही म्हणतात. आमच्या ओळखीत एक गृहस्थ पुरणपोळ्या मोजून त्या हिशेबाने गोळ्या घेतात, वर दिमाखात सांगतात. फक्त लग्नात जरा जपावं. दीड गोळी पोटात जाते आणि नेमका मुहूर्त लांबतो, मामा सापडत नाही, मंगलाष्टकांत कुणीतरी स्वतःची दोन कडवी घुसवतं, आणि पंगत तासभर पुढे जाते. तोवर शुगर उलट्या दिशेने धावते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. अशा वेळी उपाय एकच: तीन-चार चमचे साखर, ताबडतोब. बायको धावत येते, स्वतःच्या हाताने भरवते, आणि कुणी एका शब्दाने अडवत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावतात आणि वर बजावतात, “यापुढे बाहेर पडताना खिशात साखरेची पुडी ठेवत जा.” पंचवीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी कार्यालय घेऊन केला होता तो नुसता समारंभ. खरा साखरपुडा हा, शर्टाच्या वरच्या खिशातला.