गुडेरियनच्या गाडीतली एनिग्मा: फिरत्या पोस्टमध्ये खोटं किती, अर्धं खरं किती

मे १९४० मधला फ्रान्समधला एक फोटो पुन्हा फिरतोय. उघड्या चिलखती गाडीत जर्मन जनरल हाइन्झ गुडेरियन उभा आहे आणि खाली डाव्या बाजूला एनिग्मा, म्हणजे संदेश गुप्त लिपीत बदलणारं यंत्र, दिसतंय. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: ‘या रणगाड्यातल्या एनिग्मा वायरलेसवरून गुडेरियन प्रत्येक रणगाड्याला गुप्त हुकूम देई. ते फोडणं कुणालाच शक्य नव्हतं. फ्रेंचांकडे वायरलेसच नव्हता, म्हणून फ्रान्स सहा आठवड्यांत पडला.’

फोटो अस्सल आहे. मजकुराचं तसं म्हणता येत नाही.

‘रणगाडा’: नाही. ही २५१/३, म्हणजे हॅनोमाग हाफ-ट्रॅकची बिनतारी संदेशवहनासाठी सजवलेली आवृत्ती. पुढे चाकं, मागे साखळीपट्टे, बाजूचा पत्रा जेमतेम ८ मिलिमीटरचा आणि वर छप्परच नाही. रायफलची गोळी अडेल, तोफगोळा नाही.

‘एनिग्मा वायरलेस’: ही चूक सगळ्यात जास्त पसरलेली आहे. एनिग्मामधून कुठलीही लहर बाहेर पडत नाही. बॅटरीवर चालणारं ते फक्त अक्षरं बदलणारं यंत्र. कळ दाबली की दुसऱ्याच अक्षराखालचा दिवा लागतो, ते अक्षर कागदावर उतरवायचं, पुढची कळ दाबायची. असा पाच-पाच अक्षरांच्या गटांत तयार झालेला मजकूर मग वायरलेस ऑपरेटर मोर्समध्ये पाठवणार. एका संदेशाला २५० अक्षरांची मर्यादा होती. संदेश पाठवण्याचं काम गाडीतल्या वेगळ्या संचाचं. त्याचा अँटेना म्हणजे गाडीच्या डोक्यावरची ती लोखंडी खाटेसारखी चौकट. तिला कुणी छप्पर समजतं, कुणी सामानाचा कठडा!

‘प्रत्येक रणगाड्याला हुकूम’: वरची रीत वाचल्यावर हे पटणं कठीण आहे. शत्रूची तोफ समोर असताना दिवे बघत अक्षरं कोण उतरवणार? रणगाडे आपसांत साध्या बोलीत बोलत, तेही काही किलोमीटरच्या टप्प्यात आणि २७ ते ३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. चौकटवाला ३० वॅटचा संच १ ते ३ मेगाहर्ट्झच्या आसपास चाले. गुडेरियन १९व्या कोअरचा, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या मोठ्या दलाचा, प्रमुख होता. त्याचे हुकूम डिव्हिजनला जात आणि तिथून टप्प्याटप्प्याने खाली उतरत. एनिग्मा होती ती या वरच्या साखळीसाठी. गाडीचं खरं महत्त्व माझ्या मते वेगळंच आहे: कोअर कमांडर आघाडीजवळ राहूनही मागच्या मुख्यालयाशी जोडलेला राहू शकत होता. १९१४ मध्ये घोडदळासोबत वायरलेस केंद्र सांभाळलेल्या माणसाला हे सुचलं, यात नवल नाही.

‘कुणालाच फोडता येत नव्हतं’: पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने जर्मन लष्कराची एनिग्मा १९३२ मध्येच फोडली होती. जुलै १९३९ मध्ये पोलिशांनी ही विद्या ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिली, आणि जानेवारी १९४० पासून जर्मन संदेश पुन्हा उलगडू लागले. मात्र १ मे रोजी जर्मनांनी संदेशाची किल्ली, म्हणजे यंत्राची सुरुवातीची मांडणी, कळवायची पद्धत बदलली. जर्मन हवाईदलाचे संदेश ब्रिटिशांना पुन्हा नियमित वाचता येऊ लागले ते २२ मेच्या सुमारास. तोवर गुडेरियनचे रणगाडे इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावर पोचले होते. पोस्टचा निष्कर्ष चुकीचा असला, तरी त्या निर्णायक दिवसांत या विद्येचा फ्रान्सला फारसा उपयोग झाला नाही, हे मान्य करायला हवं.

गंमत पुढेच आहे. १७ मे रोजी वरिष्ठांनी गुडेरियनला थांबायला सांगितलं, त्याने राजीनामा पुढे केला, आणि शेवटी ‘जोरदार टेहळणी’च्या नावाखाली पुढे सरकायची मुभा मिळाली. तेव्हा त्याने मुख्यालयापासून आपल्या पुढच्या ठाण्यापर्यंत चक्क तार टाकून घेतली. कारण त्यानेच आठवणींत लिहून ठेवलंय: वायरलेसवर बोललो असतो, तर आपल्याच सरसेनापतींच्या श्रवण-तुकड्यांनी हुकूम ऐकले असते. म्हणजे वायरलेसचा हा पुरस्कर्ता त्या घडीला टेलिफोनच्या तारेवर विसंबला, आणि तेही स्वतःच्या वरिष्ठांपासून लपण्यासाठी!

‘फ्रेंचांकडे वायरलेस नव्हता’: होता. शार बी-१सारख्या जड रणगाड्यांत संच होते, सोमुआमध्ये निदान तुकडीप्रमुखांकडे असत. हलक्या रेनॉ आर-३५ मध्ये बहुतांशी नव्हते. खरी उणीव वरच्या पातळीवर होती. सरसेनापती गामलँ पॅरिसलगतच्या व्हॅन्सेनच्या किल्ल्यात बसला होता, आणि त्या मुख्यालयात वायरलेस संच नव्हता. तिथला कारभार टेलिफोन, मोटारगाड्या आणि मोटारसायकलस्वार यांच्यावर चाले.