आधी पांढरी शोधा, मशीन नंतर

मेटल डिटेक्टर हातात आला की आपल्याकडची मंडळी आधी किल्ला नाहीतर पडकं देऊळ गाठतात. तिथं सापडत काही नाही आणि गुन्हा दाखल व्हायची सोय तेवढी होते. खान्देशातली खरी मौज उठून गेलेल्या गावांच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत आहे, आणि ती गावं आधी कागदावर शोधावी लागतात.

महसुली भाषेत अशा गावाला 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. मौजे कायम, सातबारे कायम, राहणारं कुणी नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत ही ओसाड गावं तालुकावार मिळतात. त्यानंतर सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे काढा, जमल्यास जुने, एक इंचाला एक मैलवाले. नकाशांचे नंबर असे: धुळ्याकडे ४६ एल, नंदुरबारकडे ४६ के, जळगावसाठी ४६ ओ आणि ४६ पी. खुणांच्या यादीत वसलेल्या आणि ओसाड गावाचं चिन्ह वेगवेगळं असतं. आणखी एक धागा नावांचा: बुद्रुक नांदतंय, मग खुर्द कुठं गेलं?

फसगत होते ती नंबरात. जमीन एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या कागदातला नंबर तसाच धरलात तर भलत्याच्याच कपाशीत उभे राहाल. एकत्रीकरणाची पत्रकं तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात बघा.

गाव का उठलं तेही बघा. १८०२ ते १८०४ ची लूट आणि दुष्काळ यांत उठलेलं गाव एक, उकाई-हतनूर धरणांच्या पाण्यात गेलेलं दुसरं. धरणवाले दाराच्या चौकटीसुद्धा गाडीत घालून गेले.

शिवारात काळ्या रानात राखाडी-पांढरट उंचवटा, त्यावर खापऱ्या, कडेला चिंच-पिंपळ, बुजलेली विहीर, शेंदूर लावलेला एकटा मारुती. ही पांढरी. म्हाताऱ्या माणसाला "आबा, जुनं गाव कोठे व्हतं?" एवढं विचारलं तरी अर्धा दिवस वाचतो.

आता मशीन. आपली माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट. साधं व्हीएलएफ (अगदी कमी वारंवारतेवर चालणारं) मशीन कारखान्याच्या सेटिंगवर नुसतं किरकिरतं. धातू नसलेली जागा बघून कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, जमिनीपासून वीसेक सेंटिमीटरवरून दोन-तीनपर्यंत खालीवर करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा आवाज वगळायला मशीनला लावा, दर शेताला नव्यानं. तरीही कुरकुर राहिली तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. खोली कमी मिळेल, पण खोटे आवाज थांबतील. शंभर आवाजांत बहुतेक बैलाच्या खुरांच्या पत्र्या, खिळे आणि गुटख्याच्या पुड्याच निघतात. लोखंड गाळायला डिस्क्रिमिनेशन फार चढवू नका, खिळ्याशेजारचा ढब्बू पैसाही त्यात गप्प होतो.

माझं मत मात्र ठाम आहे: नांगरलेल्या थरात, मालकाच्या परवानगीनं, वरवर बघा. पांढरी खणू नका. नंदुरबार जिल्ह्यातलं प्रकाशा आणि जळगाव जिल्ह्यातलं बहाळ या गावी अशाच टेकाडांतून ताम्रपाषाणयुगापर्यंतचे थर मिळाले. टिकावानं काढलेलं नाणं कुठल्या थरातलं, हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. वर १८७८ चा निखात निधी कायदा आहेच. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, दडवली तर एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपये, हो, आजही. त्या अर्जात वस्तू काय, किती, कुठं आणि कधी सापडली हे लिहायचं असतं, म्हणून गट नंबर आणि तारीख जागेवरच टिपून ठेवा.