घरीच सांभाळायचं, पण कुणाच्या जिवावर?

नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाला पक्षाघाताचा झटका आल्याची बातमी पडली की दोन वाक्यं ठरलेली असतात. 'आपल्यात घरची माणसं करतात, तिकडच्यासारखं वृद्धाश्रमात टाकत नाहीत.' आणि, 'मुलं परदेशात, मग करणार कोण?' मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, म्हणजे या 'तिकडे'मध्येच. त्यामुळे पहिल्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं असं वाटतं.

२०२३च्या अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार जर्मनीत सांभाळाची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते आणि त्यांतले दर १०० पैकी ८६ जण घरीच राहत होते. निम्म्याहून अधिक जणांचं तर सगळं घरचेच करत होते. म्हणजे इथेही बायको, मुलगी, सूनच करते. फरक असा की तिच्या पाठीशी कायदा आहे. १९९५पासून इथे सांभाळाचा सक्तीचा विमा आहे, पगारातून त्याचा हप्ता कापला जातो. माणूस किती परावलंबी आहे ते पाहून १ ते ५ श्रेणी ठरते. तिसऱ्या श्रेणीतल्या माणसाचं घरचंच कुणी करत असेल तर महिना ५९९ युरो मिळतात. करणाऱ्याच्या पेन्शनचे हप्ते काही अटींवर हाच विमा भरतो आणि रुग्णाला कसं उठवायचं, कुशीवर कसं वळवायचं, याचं शिक्षण फुकट देतो.

हे शिक्षण किती मोलाचं, ते सांगलीच्या माझ्या काकूंकडे पाहून कळतं. काकांची डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली आणि 'व्यायाम करून घ्या' एवढं सांगितलं गेलं. काकू त्यांना लुळ्या हाताला धरून ओढून उठवायच्या. त्या हाताला ओढायचं नसतं, त्यानं खांदा निसटतो आणि दुखणं महिनोन्महिने राहतं, हे त्यांना कुणी बोललंच नव्हतं. पाणी पिताना ठसका लागतो म्हणजे गिळण्याची तपासणी हवी, नाहीतर छातीत न्यूमोनिया होऊ शकतो, हेही नाही. काकूंनी जिवापाड केलं. त्यांची स्वतःची कंबर गेली. गल्लीतले मात्र म्हणायचे, 'नशीबवान आहेत, घरात करणारं माणूस आहे.'

पण नुसतं घरच्यांना शिकवलं की झालं, असंही नाही. भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. एका गटात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून रुग्णाचा व्यायाम करून घेतला, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार दिले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के निघालं. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. जेवू घालणं, स्वच्छता, सोबत हे घरचे करतील. गेलेली चाल, हात, वाचा परत आणायला शिकलेला माणूसच घरी यायला हवा, आणि तोही पहिल्या तीन महिन्यांत, कारण सुधारणा सर्वांत वेगानं तेव्हाच होते. आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च मिळतो, घरी सोडल्यावरचे मात्र १५ दिवसच धरले जातात. त्यानंतर फिजिओथेरपिस्टची प्रत्येक फेरी खिशातून. वाचा गेलेल्याला मराठीतून बोलतं करणारा स्पीच थेरपिस्ट तालुक्याला शोधून दाखवा!

इथे जर्मनीत सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. घरी येणाऱ्या नर्सिंग सेवेला माणसं पुरत नाहीत. पूर्व युरोपातल्या बायका घरात राहून चोवीस तास राबतात. २०२१मध्ये सर्वोच्च कामगार न्यायालयाला निकाल द्यावा लागला की नुसतं हाकेला तयार राहण्याच्या तासांचंही किमान वेतन त्यांना मिळालं पाहिजे. आपल्याकडे रुग्ण सांभाळायला ब्युरोकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, येणाऱ्या मावशींना हा निकाल वाचून दाखवावासा वाटतो. चोवीस तासांच्या ड्युटीत त्या झोपतात कधी, हे आपण विचारतो का?

आणि एक गोष्ट मला फार लागते. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १०,००० जण पाठवायचे ठरले, त्यांत नर्स आणि रुग्णसेवकही आहेत. ती मुलं-मुली इथे यावीत, त्यांना चांगला पगार मिळावा, मला आनंदच आहे. पण श्टुटगार्टच्या आजोबांसाठी आपलं सरकार माणसं तयार करू शकतं, तर सांगलीच्या आजोबांसाठी का नाही? केरळात ग्रामपंचायतीच्या नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, तेव्हा हे भारतात जमत नाही असंही म्हणता येत नाही. ब्युरोच्या मावशींना सरकारी प्रशिक्षण आणि दाखला द्या, आणि त्या १५ दिवसांचे ९० दिवस करून घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे पैसे योजनेतूनच द्या. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला काकूंनी हे विचारावं, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.