कंपॅटिबल म्हणे! कशाशी?

श्रावण सरत आला की गोव्यात घरोघरी माळे उपसायला काढतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली असते. गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळीची चौकट खाली येते, तांब्याची भांडी खाली येतात आणि त्यांच्यामागे ढकलून ठेवलेला पेंटियमचा पिवळा पडलेला डबाही खाली येतो. आठवडाभरात जाहिरात झळकते: “साउंड कार्ड, साउंड ब्लास्टर कंपॅटिबल, चालू स्थितीत, म्हापशात येऊन न्या.” फोटो एकच. तोही असा, की मोठ्या चिपवरचा नंबर सोडून बाकी सगळं दिसावं.

साउंड कार्ड म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला आवाज देणारी, स्लॉटमध्ये खोचायची पाटी. साउंड ब्लास्टर हे त्यातलं क्रिएटिव्ह कंपनीचं गाजलेलं कार्ड, आणि कंपॅटिबल म्हणजे त्याच्यासारखंच चालणारं. पण अरे पात्रांव, कंपॅटिबल म्हणजे नेमकं कशाशी? आणि चालू स्थितीत म्हणजे काय? कार्ड खोचून कॉम्प्युटर सुरू केला आणि धूर आला नाही, एवढंच ना?

बरं, हा शब्द काही माळा उपसणाऱ्यानं शोधलेला नाही. तो खोक्यावरच छापून आलेला आहे, नव्वदच्या दशकापासून. आणि तेव्हाही तो निम्मा खोटाच होता. कारण साउंड कार्ड ही एक वस्तू नाहीच. एका छपराखाली वेगवेगळ्या चुली आहेत. ३८८ पोर्टवर, म्हणजे प्रोसेसर कार्डाला गाठतो त्या पत्त्यावर, एफएम संगीताची, म्हणजे सूर स्वतः घडवून वाजवणारी चिप. २२० वर डीएसपी, म्हणजे बोलणं, गोळीबार, स्फोट वगैरे रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा. त्याच्याच शेजारी आवाज कमीजास्त करणारा मिक्सर. ३३० वर मिडी, म्हणजे वाद्याला सुरांचे हुकूम पाठवायची वाट. वर २०१ वर जॉयस्टिक, आणि कधीकधी सीडी ड्राइव्हची जोडणीही. यातली एक चूल पेटली की खोक्यावर “कंपॅटिबल” छापायला मोकळे!

एफएमचंच बघा. १९८७ च्या ॲडलिब कार्डावर यामाहाची वायएम३८१२ होती, एका वेळी नऊ सूर. क्रिएटिव्हनं १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर काढलं तेव्हा तीच चिप घेतली आणि वर आपला ८ बिटचा डीएसपी बसवला. म्हणजे संगीताच्या बाबतीत “साउंड ब्लास्टर कंपॅटिबल” याचा खरा अर्थ “ॲडलिब कंपॅटिबल”. पुढे यामाहाची वायएमएफ२६२ आली, तीही चांगली. मग खर्च वाचवायची टूम निघाली. नंतरच्या काही साउंड ब्लास्टर १६ वर आणि एडब्ल्यूई६४ वर यामाहाची चिपच नाही, क्रिएटिव्हची स्वतःची सीक्यूएम आहे. तोच गेम, तेच संगीत, पण पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखं. नाव तेच, खोकं तेच. नंबर वाचल्याशिवाय कळणार कसं?

आता खरी तळपायाची आग मस्तकात नेणारी गोष्ट. साउंड ब्लास्टर १६ हे साउंड ब्लास्टर प्रोशी पूर्ण कंपॅटिबल नाही. एकाच कंपनीची दोन कार्डं, एक १९९१ चं, दुसरं १९९२ चं! प्रोमध्ये स्टिरिओ चालू करायचा तर मिक्सरच्या ०ई रजिस्टरमधला, म्हणजे चिपमधल्या एका खणातला, एक बिट उचलायचा. १६ चा मिक्सर त्या बिटाकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे जुन्या गेममध्ये “साउंड ब्लास्टर प्रो” निवडा, आवाज येतो, पण स्टिरिओ गायब. लोक स्पीकरच्या वायरी उलटसुलट करत बसतात, पिना घासतात, स्पीकरवाल्याला शिव्या घालतात. वायरीचा काय दोष?

याच्या उलट, ईएसएस कंपनीच्या ईएस१८६८ सारखं स्वस्तातलं कार्ड प्रोचा स्टिरिओ नीट देतं. पण त्याला साउंड ब्लास्टर १६ चे १६ बिटचे हुकूम कळत नाहीत. आणि लोक काय करतात? कुठून तरी तयार ओळ उचलून, डॉस (विंडोजच्या आधीची प्रणाली) सुरू होताना वाचते त्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलमध्ये डकवतात: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे आयआरक्यू (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची तार), डी आणि एच म्हणजे डीएमए (मेमरीतून माहिती परस्पर कार्डाकडे जायची वाट, ८ आणि १६ बिटची), पी म्हणजे मिडी, टी म्हणजे कार्डाचा प्रकार. त्या शेवटच्या टी कडे कुणी बघतच नाही. टी१ म्हणजे अगदी पहिलं साउंड ब्लास्टर, टी३ म्हणजे २.०, टी२ आणि टी४ म्हणजे प्रो, टी६ म्हणजे १६. ईएसएसवर टी६ लिहिलंत की गेम बिचारा विश्वास ठेवून १६ चे हुकूम सोडतो आणि समोरून उत्तर येत नाही. मग “कार्ड गेलं”. गेलं कुठं? टी४ करा, एच५ काढा, बोलायला लागेल.

आयआरक्यूचा घोळ तर विचारूच नका. सुरुवातीची साउंड ब्लास्टर कार्डं दुकानातून यायची तीच ७ वर. आणि ७ कुणाचा? प्रिंटरचा, एलपीटी१ चा. आधीच बसलेल्या माणसाच्या मांडीवर दुसऱ्याला बसवायचं आणि वर म्हणायचं, जागा आहे! कितीतरी जुने गेम ५ किंवा ७ शिवाय तिसरा आकडा घेतच नाहीत. म्हणून ५ घ्या. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. मदरबोर्डावर नव्या पद्धतीचे पीसीआय स्लॉट असतील तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ५ हा जुन्या आयएसए स्लॉटांसाठी राखून ठेवा, नाहीतर नेटवर्क कार्ड तिथं पथारी पसरतं. प्रिंटर पोर्ट ईसीपी या वेगवान पद्धतीवर असेल तर तोही एक डीएमए धरून बसतो. साधा करून टाका.

आणि चूक कुठं आहे ते कानानं कळतं हो, त्यासाठी कार्ड बदलावं लागत नाही. संगीत व्यवस्थित पण बोलणं नाही? एफएमला ना आयआरक्यू लागतो ना डीएमए, त्यामुळे ते वाजणारच. दोष पुढचा आहे. शब्दाचा पहिला तुकडा वाजून गप्प, किंवा तोच तुकडा भजनाच्या पालुपदासारखा पुन्हा पुन्हा? आयआरक्यू चुकला. तुकडा संपल्याची वर्दी प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही, मग पुढचा तुकडा कोण भरणार? आवाजच नाही किंवा गेम जागच्या जागी गोठला? बहुधा डीएमए. “कार्ड सापडलं नाही” असं आलं तर पत्ता बघा. तुकड्यातुकड्याला टिक् टिक् येतेय आणि कार्ड साउंड ब्लास्टर २.० च्या आधीचं आहे? तो बिघाड नाही. त्या डीएसपीला प्रत्येक तुकड्यानंतर नव्यानं हुकूम द्यावा लागतो, मधली फट ऐकू येते. स्वतःहून पुढं वाजत राहायची सोय डीएसपीच्या २.०० आवृत्तीपासून आली.

विकणाऱ्याला कार्ड तपासायला किती वेळ लागतो? एक मिनिट! विंडोजच्या खिडकीतून नव्हे, शुद्ध डॉसमध्ये जाऊन त्यातलाच डेबग हा प्रोग्राम उघडायचा (ओ म्हणजे पत्त्यावर पाठव, आय म्हणजे तिथून वाच). ओ २२६ १, एंटर. ओ २२६ ०, एंटर. आय २२ए, एंटर. समोर एए आलं की डीएसपी जिवंत आहे आणि २२० वरच आहे. एफएफ आलं तर त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. तीन ओळी. पण नाही, “चालू स्थितीत” लिहायचं आणि मोकळं व्हायचं. एफएफ आलं म्हणजे लगेच कार्ड मेलं असंही नाही बरं का. जंपर (पत्ता ठरवायच्या पिनांवरच्या टोप्या) नसलेली प्लग अँड प्ले कार्डं डॉसमध्ये झोपलेलीच असतात. क्रिएटिव्हचं असेल तर त्यांचा सीटीसीएम प्रोग्राम चालवून आधी उठवावं लागतं, मग तपासायचं.

वेगवान मशीनवाल्यांचं वेगळंच. ॲडलिबच्या चिपला रजिस्टरचा नंबर दिल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि त्यात माहिती भरल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. जुन्या गेममध्ये हे थांबणं रिकाम्या फेऱ्या मोजून केलेलं असतं. २८६ वर त्या फेऱ्यांना पुरेसा वेळ लागायचा, पेंटियमवर त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. चिप तयार नाही, गेम म्हणतो ॲडलिब नाही. बायोसमधून कॅश बंद करा, मशीन रडतखडत चालेल, पण कार्ड सापडेल. आणि यावर “पीसीआय कार्ड घ्या, नवीन आहे” असा सल्ला देणाऱ्याला तर हात जोडावेत! डॉसचा गेम थेट २२० वर आणि आयएसएच्या डीएमएवर हात घालतो, तिथं पीसीआय कार्ड सहसा नसतं. मग एन्सॉनिक ऑडिओपीसीआयसारखं कार्ड ईएमएम३८६ या डॉसच्या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या आडून सोंग वठवणारा ड्रायव्हर मेमरीत बसवतं. डॉसच्या ६४० केबीतली जागा जाते ती जाते, वर जो गेम ईएमएम३८६ असताना चालतच नाही, त्याचं काय?

मिडीवाल्यांनी साउंड ब्लास्टर १६ घेताना डीएसपीची आवृत्ती बघावी. ४.११, ४.१२ आणि ४.१३ मधलीही काही कार्डं, यांच्यावर मिडीचा जोडबोर्ड लावला की मध्येच एखादा सूर अडकतो. आरती संपली, टाळ थांबले, तरी पेटीवाल्यानं बोट उचललेलं नाही, असा. ड्रायव्हर बदलून तो सुटत नाही, दोष चिपमध्येच आहे.

आता इथल्या हवेबद्दल. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा खाल्लेलं कार्ड थेट स्लॉटमध्ये ठोसू नका. सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलके घासा, भुकटी झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. जंपर चार-पाच वेळा काढून घाला, त्यांच्या आतही गंज धरतो. ४८६ च्या बोर्डावर निळी पिंपासारखी बॅटरी असेल तर आधी ती कापून काढा. तिचा पाझर क्षारयुक्त असतो, तो आयएसए स्लॉटजवळच्या तांब्याच्या रेषा खातो आणि खापर साउंड कार्डावर फुटतं. हिरवं दिसलं तर कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावा, सोरपोतेलातलं माडाचं नको, साधं पांढरं, मग अल्कोहोलनं धुऊन नीट वाळवा. घरघर येत असेल तर कार्डावरच्या स्पीकर ॲम्प्लिफायरला वगळणारा जंपर शोधा आणि लाइन आउट घ्या.

आणि म्हापशाच्या त्या सद्गृहस्थांनी दोन फोटो टाकावेत. एक चिपवरच्या नंबराचा, एक डेबगमधल्या एएचा. तेवढं जमत नसेल तर “कंपॅटिबल” खोडून “शोभेची वस्तू” लिहा आणि किंमतही तशीच लावा.