ऐन कामात 'आमचं ॲप आवडतंय का?' विचारणाऱ्यांसाठी

मला फक्त त्या माणसाला भेटायचंय. रात्री पावणेदहा वाजता, चार तास चालायच्या कामाच्या मधोमध, स्क्रीनभर पांढरी पाटी आणून 'तुम्हाला आमचं ॲप आवडतंय का?' असं विचारायची अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली, तो माणूस. भांडणार नाही. समोर बसवेन, चहा देईन आणि तो कप तोंडाला लावला रे लावला की दर वेळी विचारेन, 'चहा आवडतोय का? पाच तारे देणार का?'

काल आमचं ब्रह्मकमळ उमललं. (हो, खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं आणि हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. माहितीये. दर पावसाळ्यात फोटोखाली हे ज्ञान वाटायला येणाऱ्यांनी यंदा सुट्टी घ्यावी.) एका पानापासून वाढवलेलं झाड, एकाच रात्री उमलणार असलेल्या टपोऱ्या कळ्या, आणि सकाळी सगळ्यांनी माना टाकलेल्या. म्हणजे जे काय टिपायचं ते त्या चार तासांत. दुसरी संधी थेट पुढच्या बहराला.

माझं गणित तयार होतं. साडेआठला सुरू, साडेबाराला बंद, दर 30 सेकंदांनी एक फोटो. झाले 480. सेकंदाला 24 या वेगाने जोडले की 20 सेकंदांची फिल्म, कळीपासून फुलापर्यंत. ट्रायपॉडवर फोन लावला, त्यात कॅमेरा ॲप उघडलं. चार्जरची वायर दारातून ओढून कट्ट्यापर्यंत आणली आणि तिला कोणी अडखळू नये म्हणून वर पायपुसणं टाकलं. व्हरांड्यातला एलईडी दिवा असा वळवला की कुंडीवर उजेड पडेल पण मागच्या भिंतीवर नाही. फोकस कळीच्या टोकावर बांधून टाकला, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून) बांधून टाकला, शटर 1/50, म्हणजे दर फोटोला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असले स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर भलतंच ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. हे सगळं मी समोरच्या काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी 'हो का' म्हणून डास मारला.

मग गल्लीतल्या बायका आल्या, हळदीकुंकू झालं, मी मसाला दूध करायला आत गेले. बाहेर फोन इमानेइतबारे काम करतोय अशा समजुतीत. साडेअकराला येऊन बघते तर स्क्रीनवर पाच पोकळ तारे. खाली मोठ्ठं निळं बटण: 'खूप आवडतंय!' आणि त्याच्याखाली, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत, चष्मा लावूनसुद्धा दिसणार नाही असं 'आत्ता नको'. या पाटीसाठी कॅमेरा थांबलेला. पावणेदहापासून! म्हणजे जिची मी वर्षभर वाट बघितली ती कळी उमलत होती तेव्हा माझा फोन माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता.

'आत्ता नको' दाबलं. तर मागून दुसरी पाटी! 'प्रो' घ्या, आठवड्याला अमुक रुपये, पहिले तीन दिवस फुकट. बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही पाच सेकंदांनी उगवणार. ती फुली उगवेपर्यंत मी जे काही बोलले ते ऐकून सासूबाईंनी हळदीकुंकवाचं तबक उचलून आत नेलं. शेवटी कॅमेरा परत आला तेव्हा मी बांधलेलं सगळं सुटलेलं होतं. फोकस आपोआप. उजेड आपोआप. आणि त्या आपोआप फोकसने कुंडीच्या मागे उभ्या असलेल्या काकूंच्या साडीचा काठ निवडला. काठ सुरेख आला आहे. प्रत्येक धागा मोजून घ्या.

रात्री एक वाजता फिल्म जोडली. कळी, कळी, कळी, कळी जरा मान वर करते आहे, आता उमलणार, आता उमलणार, आणि धाडकन अख्खं फूल आणि पैठणी.

आता विचारा, 'फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात टाइमलॅप्स असतो की.' असतो! त्यात मला काय ठरवता येतं? काहीही नाही. कोणी समोरून गेलं की उजेड बदलतो, दिव्याजवळ पतंग आला की उजेड बदलतो, आणि फिल्म बघताना अख्खी रात्र डोळे मिचकावते. बरं, मग साधे फोटो काढावेत तर तिथे 'एआय' बसलाय. ब्रह्मकमळाच्या पाकळीवर ज्या बारीक शिरा असतात, ज्यांच्यासाठी तर जवळून फोटो काढायचा, त्या त्याला घाण वाटतात. तो त्या पुसतो. चोपडून चोपडून पाकळीला फेअरनेस क्रीम फासून देतो. मी तुला सांगितलं का बाबा? बंद करायचं बटण शोधलं तर बंद होतं ते फक्त स्क्रीनवरचं चिन्ह. आतली चोपडाचोपडी चालूच.

आणि 'प्रो मोड'! त्याच्याबद्दल तर मला वेगळं बोलायचंय. त्यात आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) आहे, 30 सेकंदांपर्यंत शटर आहे, केल्विनमध्ये व्हाइट बॅलन्स आहे, हाताने फोकस आहे. सगळं आहे. फक्त 'दर 30 सेकंदांनी एक फोटो काढत राहा' हे सांगायची सोय नाही. टायमर आहे, तीन सेकंद किंवा दहा सेकंद, एकदाच. म्हणजे प्रोने रात्रभर कट्ट्यावर बसून बोटाने बटण दाबायचं, आणि दर वेळी फोन हलवायचा. आपोआप फोटो काढायच्या सोयी कंपनीने दिल्यात, नाही असं नाही. तळहात दाखवला की फोटो. हसलात की फोटो. 'चीज' म्हटलं की फोटो. सगळ्या सेल्फीच्या. जगात फोटो काढण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे तुमचं तोंड, अशी यांची ठाम समजूत आहे. त्या तोंडालासुद्धा सोडत नाहीत म्हणा, विचारल्याशिवाय गोरं करतात.

दर ठरावीक वेळाने फोटो काढणं ही काय चांद्रमोहीम आहे का? पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या भावाने कॅननच्या साध्या पॉवरशॉटमध्ये सीएचडीके नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालवलं होतं. हौशी लोकांनी बनवलेलं. त्यात चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली की कॅमेरा म्हणाल तितक्या वेळाने फोटो काढत बसायचा, शटर बदलत बदलत, फोकस सरकवत सरकवत. तो कॅमेरा आज भंगारातही कोणी घेणार नाही. 2013 साली नोकियाच्या लुमिया 1020 वर 41 मेगापिक्सेल होते आणि बोटाने फिरवायच्या अर्धगोल चकत्या होत्या, एक शटरची, एक आयएसओची, एक फोकसची. एका नजरेत सगळं. आणि आज माझ्या फोनच्या मागे तीन डोळे, आत चार वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला लाजवेल असा प्रोसेसर, आणि गेल्या अपडेटनंतर प्रो मोड कुठे गेला? 'आणखी' या बटणाच्या आत. त्याच्या जागी पुढे काय आणलंय? फोटोवर अवतार चिकटवायची सोय.

बरं, दुसरं ॲप घ्यावं तर आधी ते सापडायला हवं. प्ले स्टोअरमध्ये 'मॅन्युअल कॅमेरा' असं शोधून बघा. स्वीट सेल्फी, ब्युटी प्लस काहीतरी, 'एचडी कॅमेरा 4के अल्ट्रा', मांजराचे कान, आणि त्याखाली टॉर्च. मग 'सर्वोत्तम दहा कॅमेरा ॲप' असले लेख वाचा. लिहिणाऱ्याने त्यातलं एकही उघडून बघितलेलं नसतं. निम्मी तर आता मिळतही नाहीत.

त्या उकिरड्यात एक रत्न आहे, ओपन कॅमेरा. फुकट, आत जाहिरात नाही, कोड सगळ्यांना खुला. ठरावीक वेळाने फोटो, वेगवेगळ्या उजेडात एकामागून एक फोटो, फोकस सरकवत फोटो, रॉ फाइल (म्हणजे चोपडाचोपडी न केलेला कच्चा फोटो), सगळं त्यात आहे. दिसायला सरकारी फॉर्मासारखं आहे, असू दे. मी त्यावर खूश होते. पण मला पाकळी जवळून हवी होती, म्हणजे टेलिफोटो लेन्स हवी, आणि माझ्या फोनच्या कंपनीने ती लेन्स बाहेरच्या ॲपला द्यायचीच नाही असं ठरवलंय. अँड्रॉइडने 2014 मध्येच, पाचव्या आवृत्तीत, कॅमेरा2 नावाचं दार बाहेरच्या ॲपसाठी उघडलं. शटर, आयएसओ, फोकस, रॉ, सगळं मागता येतं. पण ते दार किती उघडायचं हे फोन बनवणाऱ्याच्या हातात. कोणी सताड उघडतं, कोणी फटीतून हात बाहेर काढून मुख्य लेन्स तेवढी देतं. स्वतःच्या ॲपला 30 सेकंदांचं शटर, बाहेरच्यांना त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं. लेन्स माझी, पैसे माझे, हप्ते अजून चालू आहेत ते माझे!

म्हणून तर त्या पाच ताऱ्यांवाल्याकडे गेले. त्याच्या जाहिरातीत 'टेलिफोटो' लिहिलं होतं. आज सकाळी फोटोची फाइल उघडून आतली माहिती बघितली तेव्हा कळलं, टेलिफोटो वगैरे काही नाही, मुख्य लेन्सचाच फोटो मधून कातरून मोठा केलेला. वा रे प्रो!

आणि समजा सगळं जमलं, तरी अँड्रॉइडचे नियम आहेतच. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून मागे गेलेल्या ॲपला कॅमेरा वापरता येत नाही. चांगलं आहे, कोणी चोरून फोटो काढू नयेत, मान्य. पण मग चार तास स्क्रीन चालू ठेवा. स्क्रीन चालू, चार्जर चालू, कॅमेरा चालू, फोन तव्यासारखा तापतो आणि मग तोच आपल्याला सांगतो की तापमान वाढल्यामुळे कॅमेरा बंद करत आहोत. मी काल टेबल फॅन लावला होता. फोनला. सासूबाई घाम पुसत बसल्या होत्या आणि फॅन फोनकडे तोंड करून.

त्यांनी काही म्हटलं नाही. फक्त माझं आत बोलणं चालू असताना आपला जुना फोन काढला, फ्लॅश मारून एक फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. फूल पांढरंफट्ट, मागे काळोख, डाव्या कोपऱ्यात अंगठा. बदाम, जोडलेले हात, 'काकू किती सुंदर', नाशिकची मावससासू तर 'डोळ्यांत पाणी आलं' म्हणाली. जाऊबाईंनी विचारलं, 'कुठल्या ॲपने काढला?' सासूबाईंनी उत्तर टाकलं, 'साधाच.' आणि मग मला म्हणाल्या, 'तू पण काढ की एखादा.'

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिला मी हे रडगाणं ऐकवलं तर ती उलट माझ्यावरच हसली. तिला वृक्षारोपण असो, पोषण आहार असो, प्रभातफेरी असो, प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि नकाशा छापून वर पाठवायचा असतो. त्यासाठीचं तिचं ॲप दर फोटोनंतर रमीची जाहिरात दाखवतं. पन्नास पोरं हातात रोपं धरून उन्हात उभी, आणि बाई रमीची फुली शोधतायत. 'तुला निदान फुलाचं दुःख आहे,' म्हणाली.

भाच्याचं तर विचारूच नका. 'मावशी, आयफोन घे.' अरे बाळा, ॲपलने 2014 मध्ये आयओएस 8 पासून बाहेरच्या ॲपना हे कंट्रोल दिले हे मलाही ठाऊक आहे, आणि तिथे हॅलाइडसारखी देखणी ॲप आहेत हेही. पण तुझ्या फोनच्या स्वतःच्या टाइमलॅप्सला 'दर 30 सेकंदांनी' असं सांगून दाखव बरं. तो आपल्या मनानेच ठरवतो. आणि शटरचा आकडा त्या कॅमेऱ्यात कुठे आहे तेही दाखव. दाखव, मी थांबते. मग लाखभर रुपयांच्या गोष्टी करू.

मला काय हवंय? किती वेळाने, किती फोटो, फोकस इथे, शटर इतकं, लेन्स ही. सुरू. मधे कोणी बोलायचं नाही. याचे एकदाच काय ते पैसे घ्या, मी देते. दर आठवड्याला नाही. आठवड्याला तर मी पेपरवाल्यालाही देत नाही.

आणि आता जे 'सरळ डीएसएलआर वापर ना' म्हणायला तोंड उघडतायत, त्यांच्यासाठी: आहे घरात. लग्नानंतर हौसेने घेतलेला. पावसाळ्यांत कपाटात राहून लेन्सला आतून बुरशी लागलीय. दुरुस्तीला घेऊन गेले होते. दुकानदाराने लेन्स उजेडासमोर धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, 'कशाला खर्च करता मॅडम? आता सगळे मोबाइलवरच काढतात.'